चवीचे तीनशे

भिंतीवरची पाटी महादेवीनं दोनदा वाचली, खाली ठेवलेली पिशवी उचलून काखेला मारली आणि ती सरळ दाराकडं निघाली. लेकीनं, महेश्वरीनं तिचा पदर धरला म्हणून बरं, नाहीतर बाई उमरग्याच्या स्टँडवर जाऊन सास्तूरची गाडी धरून मोकळी झाली असती.

पाटीवर लिहिलं होतं, ‘लग्नाच्या केकची चव बघण्याचे तीनशे रुपये. पाच प्रकार.’ आणि खाली बारीक अक्षरात, ‘ऑर्डर दिली तरी हे पैसे वेगळे.’

“चव बघायचे पैशे?” महादेवी म्हणाली. “आमच्यात चव बघणाऱ्याला नारळ देत्यात.”

हे ती उगाच म्हणत नव्हती. सास्तूर आणि आजूबाजूच्या चार-पाच गावांत, आपल्या लिंगायतांच्या घरचं लग्न असो की कुणाचंही, महादेवीनं मान डोलावल्याशिवाय पंगत बसत नसे. ती आचारीण नव्हती, मजुरी घेत नव्हती. हुग्गीचं पातेलं चुलीवरून उतरलं की मोठमोठ्या पंगती उठवलेला आचारी मुकाट्यानं पळी घेऊन तिच्यापुढं यायचा आणि तिच्या तळहातावर चमचाभर खीर सोडायचा. ती डोळे मिटायची. मांडवातले वडीलधारे तोंडाकडं बघत उभे. मग निकाल लागायचा, गूळ अजून मूठभर, किंवा तळाला लागलीय, वरची वरची काढून घ्या. एकदा एका पुढाऱ्याच्या घरची आमटी तिनं नापास केली, तर अर्धा तास पंगत खोळंबली, पण कुणाची ब्र काढायची छाती झाली नाही. निघताना ओटीत नारळ आणि खण पडायचा. अशा बाईला चव बघायचे पैसे मागणं म्हणजे न्हाव्याकडून दाढीचे पैसे घेण्यासारखंच होतं.

केकवाली शिवलीला गल्ल्यामागून हसत बाहेर आली. चाळिशीची, अंगानं भरलेली, ॲप्रनवर पिठाचे हात पुसलेली. महादेवीच्या कपाळावरची विभूतीची रेघ बघून तिनं आधी हात जोडून ‘शरणार्थी’ म्हटलं आणि मगच पाटीचा खुलासा केला. आधी ती फुकटच द्यायची म्हणे. मग गेल्या लग्नसराईत एक अकरा माणसांचं कुटुंब आलं, लेकराबाळांसकट सगळे नमुने साफ केले आणि अमावस्या झाली की कळवतो म्हणून गेलं. त्यांची अमावस्या अजून सरलेली नाही.

महादेवीला हे पटलं. फुकट्यांचा तिलाही राग होता. तरी बसायच्या आधी तिनं विचारून घेतलंच, की अंडं तर नाही ना.

“आमच्या भट्टीला अंडं ठाऊक नाही मावशी, बसा तुम्ही,” शिवलीला म्हणाली.

महादेवी बाकावर टेकली. टेकताना तिनं पोलक्याची सुटलेली बाही वर ओढली. केकचा हट्ट तिचाच होता. महेश्वरीला त्याचं काही नव्हतं, आणि नवऱ्यामुलाला, नंदीशलाही नव्हतं. पण शेजारच्या लग्नात रात्रीच्या कार्यक्रमाला तीन मजली केक आला होता आणि तेव्हापासून महादेवीनं धोशा लावला होता, की मुलाकडची मंडळी बंगळूरची आहेत, आपण कुठं कमी पडायचं नाही. महेश्वरीनं फार ताणलं नाही. आईनं कशाचा तरी हट्ट धरावा, हेच तिला किती दिवसांनी बघायला मिळत होतं.

गेल्या वर्षी गुढीपाडव्याच्या सुमारास महादेवीच्या गालाच्या आत वाटाण्याएवढी गाठ लागली होती. जन्मभराची मशेरी अशी वसूल झाली. बार्शीच्या कॅन्सरच्या दवाखान्यात नेलं, ऑपरेशन झालं, मग दीड महिना रोज रेडिएशनचे शेक. शेकांनी गाठ गेली, पण जाताना ती जिभेची चवही घेऊन गेली. भाकरी माती लागे, दूध चुन्याचं पाणी लागे. जिच्या जिभेवर गावच्या पंगती बसत होत्या, ती बाई ताटापुढं बसून भिंतीकडं बघत राहायची. डॉक्टर म्हणाले, दोन-तीन महिन्यांत चव परत येते, एखाद्याला जास्त लागतात, एखाद्याची पूर्ण येतही नाही. तोवर कसंही करून पोटात अन्न गेलं पाहिजे.

घरात दोघीच. महेश्वरी चौथीत असताना तिचे वडील गेले, तेव्हापासून भूकंपानंतर बांधलेल्या वसाहतीतल्या दोन खोल्यांत दोघींनी एकमेकींना धरून दिवस काढले. महेश्वरी लोहाऱ्याला एका शाळेत शिकवत होती. नंदीशचं स्थळ वर्षभरापूर्वी, गाठीच्या थोडं आधी आलेलं, दोघांनाही पसंत पडलेलं. पण तिनं सगळ्यांना एकच सांगून ठेवलं होतं. अव्वाच्या तोंडाला चव आली, ती दोन घास सुखानं जेवायला लागली, की मी तारीख धरीन. त्याआधी नाही. नंदीशची आई दर फोनला हळूच विचारायची आणि गप्प व्हायची. गेल्या दिवाळीला तर तिनं विचारणंही सोडलं होतं, आणि महादेवीला ते न विचारणंच जास्त लागलं होतं.

मग येळवस आली, शेतात पूजा करून तिथंच जेवायची वेळ अमावस्या. शिवारात कडब्याच्या कोपीत सगळे जमले, भज्जी झाली, शांताक्कानं केलेलं आंबिल गाडग्यातून फिरलं. शांताक्का म्हणजे महेश्वरीची आत्या. महादेवीनं तांब्या तोंडाला लावला, एक घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. “शांताक्का, मीठ घरीच विसरलीस व्हय?” ती म्हणाली. क्षणभर कुणाला काही उमगलं नाही, आणि मग सगळं रान हसायला लागलं. महेश्वरी मात्र ज्वारीच्या ताटांच्या आड जाऊन पोटभर रडली. आठव्या दिवशी नंदीशच्या घरची माणसं आली आणि सव्वीस एप्रिल ठरली.

शिवलीलानं फ्रीजमधून एक लांबट ताटली आणून मध्ये ठेवली. सारख्या आकाराचे पाच चौकोनी तुकडे, प्रत्येकावर वेगळ्या रंगाची साय. तिनं बोटानं एकेक दाखवलं. पिवळा अननसाचा, गुलाबी गुलाबाचा, हिरवा पिस्त्याचा, केशरी संत्र्याचा आणि जांभळा जांभळाचा. दोन चमचे ठेवले, पाणी ठेवलं, तेवढ्यात कुणीतरी वाढदिवसाचा केक न्यायला आलं म्हणून ती गल्ल्याकडं वळली.

“तू घे आधी,” महेश्वरी म्हणाली.

“म्याच घेणार,” महादेवी म्हणाली आणि पदर सावरून ताठ बसली.

महेश्वरीला बरं वाटलं. ही बसण्याची तऱ्हा तिच्या ओळखीची होती, मांडवातली. महादेवीनं पिवळ्याचा कोपरा मोडला, तोंडात घातला, डोळे मिटले. ऑपरेशननंतर तिचं तोंड पुरतं उघडत नसे, त्यामुळं घास छोटा आणि चावणं लांब. पण निकाल आला तो जुन्याच थाटात.

अननसाचा आंबूस आहे, ती म्हणाली, जिभेच्या कडांना लागतो, म्हाताऱ्यांना चालायचा नाही. गुलाबाचा घेतला आणि बराच वेळ घोळवला. त्यात गुलकंद घातलाय की काय असं लागतंय म्हणे. पिस्त्याचा तुरट, पण वास चांगला. संत्र्याच्यात साल वाटलीय, मागून कडवट येतं, ह्या बाईला सांगायला पाहिजे. जांभळाच्या घासाला तर तिनं टाळ्याला जीभ लावून टक् असा आवाज काढला, जीभ धरतंय म्हणाली, पोरांना आवडंल.

“मग कुठला?” महेश्वरीनं हसत विचारलं.

“गुलाबाचाच धर. तुज्या बापाला गुलकंद लई आवडायचा.”

महेश्वरीनं दुसरा चमचा उचलला. तिनं गुलाबापासूनच सुरुवात केली. तुकडा मऊ होता, गोड होता. गुलाब काही लागला नाही. शहाण्या जिभेचं आपल्याला कुठून येणार, असं मनाशी म्हणत तिनं पिवळा घेतला. तोही मऊ, गोड. तिनं पाण्याचा घोट घेतला, तोंडात खळबळला आणि केशरी घेतला. साल नाही, कडवटपणा नाही. हिरवा घेतला, जांभळा घेतला. पाचही तुकडे एकच होते. रंग तेवढे पाच, आत तोच पांढरा पाव आणि तीच साखर.

आपलीच जीभ गेली की काय, असं तिला पहिल्यांदा वाटलं. चमचा तसाच हातात राहिला. समोर महादेवी ओठाच्या कडेला लागलेली साय पदरानं टिपत होती आणि रस्त्यावरच्या गाड्यांकडं बघत होती.

मग तिला एकेक गोष्ट दिसायला लागली. शांताक्काच्या आंबिलात मीठ कमीच असतं. तिला रक्तदाब आहे, आणि गेली दहा वर्षं तिच्या हातचं सगळंच अळणी असतं, हे घरादाराला माहीत आहे. ते सांगायला जीभ लागत नाही. त्यानंतरचे दोन महिने, कालवण उतरलं की महादेवी आधी महेश्वरीपुढं वाटी धरायची, बघ गं जरा, आणि महेश्वरी काय म्हणते ते ऐकून मगच मान डोलवायची. ताट तर ती रोज रिकामं करत होती. औषध प्यावं तसं डोळे मिटून रिकामं करत होती, आणि महेश्वरीला वाटत होतं, अव्वा चव घेतेय. पोलक्याच्या बाह्या आतून दोनदा शिवल्या होत्या, तरी सुटतच होत्या. ऊन वाढलंय, माणूस वाळतंच, असं तिनं सांगितलं आणि महेश्वरीनं ऐकलं. कारण तिला तेच ऐकायचं होतं. शालू कुठला घ्यायचा, बंगळूरला स्वयंपाकघर केवढं आहे, ह्यात दोन महिने तिची नजर आईच्या ताटावर गेलीच नव्हती. तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मान वर करवेना.

“ताई, जरा इकडं येता?” शिवलीलानं गल्ल्यावरून हाक मारली.

ती फ्रीजजवळ उभी होती आणि तिचा चेहरा पडला होता. तिच्या हातात झाकणाचा एक डबा होता, त्यातही तसेच पाच रंगांचे पाच तुकडे. महेश्वरी जवळ गेली तशी ती अगदी खालच्या आवाजात सांगू लागली. नळदुर्गच्या एका पार्टीला शालूच्या रंगाशी केकचा रंग जुळवायचा होता, म्हणून सकाळी तिनं नुसते रंगाचे नमुने केले होते. इसेन्स नाही, फळ नाही, काही नाही, नुसता रंग. घाईत चवीच्या डब्याऐवजी तीच ताटली बाहेर आली. इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मावशी काय म्हणतील आता? तीनशे रुपये तर ती घेणारच नव्हती, आणि हा खरा डबा लगेच मांडून देते म्हणाली.

महेश्वरीनं पर्स उघडली, शंभराच्या तीन नोटा काढून गल्ल्यावर ठेवल्या.

“हे घ्या. आणि डबा आत ठेवा.”

“अहो, पण चवच नव्हती त्याला.”

“आईनं पाची सांगितल्या,” महेश्वरी म्हणाली. “वेगवेगळ्या.”

शिवलीलानं तिच्याकडं बघितलं, मग बाकावर ताठ बसलेल्या महादेवीकडं. गालावरच्या टाक्यांची रेघ तिला बहुधा तेव्हाच दिसली. डबा तिनं फ्रीजमध्ये ठेवला, दार आवाज न करता लावलं आणि ऑर्डरची वही पुढं ओढली. तेवढ्यात तिला जे करता येण्यासारखं होतं, ते तिनं केलं. मोठ्यानं, बाकापर्यंत ऐकू जाईल असं विचारलं, की कुठला पसंत पडला.

“गुलाबाचा. तीन किलो,” महेश्वरी म्हणाली.

शिवलीलानं लिहिलं. गावाचं नाव लिहिलं, नवरानवरीची नावं लिहिली. नंदीश आणि महेश्वरी, जोडून, मध्ये छोटंसं फूल काढलं.

“तारीख?”

वहीतली ती रिकामी जागा महेश्वरीला दिसत होती आणि तिच्या मनात बार्शीची गाडी सुटण्याची वेळ घोळत होती. उद्याच न्यायला पाहिजे. वजन करायला पाहिजे. हे वाळणं नुसतं चवीमुळं असेल, की आणखी कशामुळं? आणि दुसरं काही निघालं नाही तरी, रोज असं माती गिळणाऱ्या बाईला शांताक्काच्या हवाली करून आपण तिकडं बंगळूरला, उंच माळ्यावर, सुखानं स्वयंपाक करायचा?

“तारखेचं मी फोन करून कळवते,” ती म्हणाली. “जरा पुढं जाईल बहुतेक.”

मागं बाक करकरलं. महादेवी उठली होती. ती सावकाश गल्ल्यापाशी आली, एक हात काठावर टेकला.

“सव्वीस एप्रिल,” ती शिवलीलाला म्हणाली. “लिवा, बाई.”

“अव्वा, थांब की जरा.”

“तू खाताना म्या बघत हुते,” महादेवी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. “पाची एकच हुते न्हवं?”

शिवलीलानं मान खाली घातली आणि पेनाचं टोपण लावलं, काढलं. आयुष्यभर जिनं घास घेणाऱ्याचं तोंड वाचलं, तिच्यापासून आपलं तोंड लपेल असं महेश्वरीला कसं वाटलं होतं, कोण जाणे. तिनं होकाराची मान हलवली.

“मला वाटलंच,” महादेवी म्हणाली. मग लेकीकडं न बघता, “चव येईल तवा येईल. न्हाय आली तर तशीच जेवंन म्या, जेवतीच हाय की. पर ती माणसं एक वरीस थांबली. आता तारीख मोडली की दार धरून बसायचं न्हाय कोन.”

“आधी बार्शीला जाऊ. उद्याच.”

“जाऊ. न्हाय कोन म्हणतंय? उद्या जाऊ, परवा जाऊ, तू म्हणशील तवा. पर तारीख तीच.”

महेश्वरीला खूप बोलायचं होतं. येळवशीला तू मला फसवलंस, हे बोलायचं होतं. दोन महिने एका ताटासमोर बसून तू एकटीच होतीस, मला का सांगितलं नाहीस, हे विचारायचं होतं. पण सांगितलं असतं तर आपण काय केलं असतं, हे तिला पुरतं माहीत होतं, आणि आईला ते तिच्याही आधी माहीत होतं. तिनं हातानं डोळे पुसले.

शिवलीला थांबली होती. पेन कागदावर टेकलेलं.

“लिहा,” महेश्वरी म्हणाली. “सव्वीस एप्रिल.”

शिवलीलानं लिहिलं. नोटा तिनं हळूच परत सरकवल्या, तर महादेवीनं त्या पुन्हा तिच्याकडं ढकलल्या, खाल्लंय आम्ही, म्हणाली. आणि बाकाकडं परत गेली. ताटलीत तुकडे उरले होते. टाकणं तिला कधीच जमलं नव्हतं. तिनं गुलाबीतला मोठा घास मोडून तोंडात घातला आणि ती चावू लागली, तोंड उघडेल तेवढं उघडून, सावकाश.

महेश्वरी तिच्याशेजारी येऊन बसली. तिनं पाण्याचा ग्लास जवळ सरकवला. महादेवीनं घास गिळला, घोटभर पाणी प्यायली आणि लेकीपुढं ताटली धरली.

“खा की. अन् खरं खरं सांग मला, कसा लागतूय.”

महेश्वरीनं उरलेला गुलाबी तुकडा घेतला. डोळे मिटले.

“गोड हाय, अव्वा,” ती म्हणाली. “नुसता गोड हाय.”